स्फटिकात चौघे, द्रावणात दोघे: प्रथिनाचं खरं रूप कोणतं?

नांदेडकडच्या एका संशोधक विद्यार्थ्याने विचारलं आहे: "लोणारच्या सरोवरातल्या एका जिवाणूचं एस्टरेझ मी ई. कोलायमध्ये तयार केलं. वजन २९ किलोडाल्टन. स्फटिक पीएच ५.६ ला, अमोनियम सल्फेटमध्ये मिळाले आणि रचनाही सुटली. असिमेट्रिक युनिटमध्ये दोन रेणू आहेत, पण 'पिसा' सॉफ्टवेअर म्हणतं की चारांचा टेट्रामर स्थिर आहे. जेल फिल्ट्रेशनला मात्र, पीएच ८ ला, ५० किलोडाल्टनच्या आसपास एकच पीक येतं. गाइड म्हणतात, रचना डोळ्यांना दिसते आहे, टेट्रामर लिहून टाका. मला परीक्षकांची भीती वाटते. स्फटिक खरा धरू की कॉलम?"

(नव्या वाचकांसाठी: एस्टरेझ म्हणजे एस्टर बंध तोडणारं एन्झाइम, किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप. एकटा रेणू म्हणजे मोनोमर, दोघांची जोडी डायमर, चौघांचा गोळा टेट्रामर, सहांचा हेक्सामर. जेल फिल्ट्रेशनच्या कॉलममधून मोठे रेणू आधी उतरतात, छोटे नंतर. असिमेट्रिक युनिट म्हणजे स्फटिकाचा सगळ्यात लहान तुकडा, बाकीचा स्फटिक त्याच्यावरून सममितीने उभा राहतो.) भीती रास्त आहे. पण "स्फटिक की कॉलम" असं विचारलं की दोघांतला एक खोटारडा ठरवावा लागतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. फक्त एक बोलतो पाच मायक्रोमोलरचं आणि दुसरा बोलतो चोवीस मिलिमोलरचं (ही प्रथिनाची तीव्रता, हिशोब पुढे येतो). तेव्हा प्रश्न असा मांडू: हे प्रथिन कुठल्या तीव्रतेला, कुठल्या पीएचला, किती मिठात, किती जणांनी एकत्र राहतं? आणि त्यातली कुठली परिस्थिती त्याच्या रोजच्या कामाची आहे? याचं उत्तर तुमच्या प्रथिनावर अवलंबून आहे. ते मी इथे बसून देऊ शकत नाही. पण ते कसं शोधायचं, ते सांगतो. आयुष्याची अठरा-एकोणीस वर्षं थेंबात स्फटिक शोधण्यात गेली, आता संभाजीनगरला शिकवतो. त्यामुळे चुका भरपूर जमा आहेत.

लातूर-धाराशिवकडे येळवस असते. मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं गाव शेतात जातं. एकाच शेतात चाळीस माणसं पंगतीला बसतात. घरचे, भावकीतले, शेजारच्या शिवारातले, पुण्याहून आलेला कुणाचा तरी मित्र. सगळे मांडीला मांडी लावून भज्जी-आंबील खात असतात. आता त्या पंगतीचा वरून एक फोटो काढला आणि तुम्हाला दिला, तर त्यातले एका चुलीचे कोण ते सांगाल? खांदे सगळ्यांचेच लागलेले दिसतील. स्फटिकाची रचना म्हणजे हा फोटो. फोटो अगदी स्वच्छ असतो, अणू न् अणू दिसतो. पण स्पर्श म्हणजे नातं, हे त्यात कुठे लिहिलेलं नसतं. प्रत्येक रेणूला सहा-आठ शेजारी असतातच, नसते तर स्फटिक उभाच राहिला नसता. कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम बघा. १४.३ किलोडाल्टनचं हे प्रथिन आपल्याकडे प्रॅक्टिकलमध्ये सगळे वाढवतात. नेहमीच्या परिस्थितीत ते द्रावणात एकटंच फिरतं, पण स्फटिकात चहूबाजूंनी चिकटलेलं दिसतं. ते सगळे पंगतीचे शेजारी.

आता आकडे. तुम्ही तीव्रता दिली नाही, म्हणून नेहमीच्या धरतो. प्रथिनाचा स्फटिक म्हणजे खडीसाखर नव्हे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा असतो. साधारण निम्मं पाणी असतं त्यात. मॅथ्यूजने १९६८ मध्ये जो हिशोब मांडला, त्यातला घन अँगस्ट्रॉम प्रतिडाल्टन २.४ हा नेहमी भेटणारा आकडा घेतला, तर स्फटिकात मिलिलिटरला सुमारे ७०० मिलिग्रॅम प्रथिन बसतं. २९ किलोडाल्टनला ते होतं सुमारे २४ मिलिमोलर. तुम्ही थेंब लावलात तेव्हा १२ मिलिग्रॅम असेल, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमोलर. आणि कॉलमवर १ मिलिग्रॅमचं, म्हणजे ३४ मायक्रोमोलरचं, १०० मायक्रोलिटर टाकलंत तरी ते उतरता उतरता पसरतं. पाच-सात पट पातळ होऊन पीकपाशी (शेतातलं नव्हे, आलेखातलं) जेमतेम ५ मायक्रोमोलर उरतं. स्फटिक आणि कॉलम यांच्यात जवळजवळ पाच हजार पटींचा फरक झाला.

हा फरक काय करतो ते बघा. समजा तुमच्या दोन डायमरना एकमेकांची थोडीफार ओढ आहे आणि वियोजन स्थिरांक (जितका मोठा, तितकी जुळणी सैल) ५० मायक्रोमोलर आहे. हा आकडा माझा, केवळ उदाहरणासाठी. मग कॉलमवर ५ मायक्रोमोलर प्रथिनापैकी टेट्रामरमध्ये असेल सुमारे ८ टक्के. ते पीकमध्ये दिसणारही नाही, फार तर पुढची कड जरा आडवी होईल. तेच प्रथिन तुमच्या थेंबात ०.४ मिलिमोलरला असताना सुमारे ७० टक्के टेट्रामर असेल. म्हणजे स्फटिक वाढायला लागला तेव्हा तिथे खरोखरच टेट्रामर होते, कुणी खोटं बोललं नाही. कॉलमवर डायमर होते, तिथेही कुणी खोटं बोललं नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा भांडणांपैकी निम्मी तरी इथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्यांत पीएच, मीठ आणि नको ते पाहुणे. ५.६ ला हिस्टिडिन या अमिनो आम्लावर धनभार आलेला असतो, ८ ला तो बहुतांशी गेलेला असतो. तुमच्या दोन डायमरमधल्या इंटरफेसमध्ये, म्हणजे ते एकमेकांना लागतात त्या पृष्ठभागात, हिस्टिडिन आणि ऋणभाराचं ग्लुटामेट समोरासमोर बसलेत का, हे आजच उघडून बघा. बसले असतील तर त्यांचं जमतं फक्त आम्लात, लोणारच्या पाण्यात नाही. अमोनियम सल्फेटचंही तसंच. दीड-दोन मोलर असलं की तेलकट पृष्ठभाग एकमेकांकडे ढकलले जातात. उलट मिठाचे पूल (विरुद्ध भारांच्या अमिनो आम्लांची पकड) अशा द्रावणात कमजोर पडतात. म्हणजे तीच परिस्थिती एका प्रकारच्या इंटरफेसला मदत करते आणि दुसऱ्याला मारते. सरसकट "मिठामुळे खोटा टेट्रामर आला" असं म्हणता येत नाही.

पाहुण्यांची गोष्ट माझ्या स्वतःच्या अब्रूची आहे. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या एका प्रथिनाचे स्फटिक आले, झिंक ॲसिटेट असलेल्या थेंबात. रचना सुटली, सुंदर सममित टेट्रामर. पोस्टर छापलं, मिरवलं. एका बैठकीत एका वयस्क बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "हे मधे करडे गोळे आहेत ते कुणाचे?" झिंकचे होते. दोन रेणूंचे हिस्टिडिन त्या झिंकला दोन्हीकडून धरून बसले होते. झिंक मी घातलेलं, प्रथिनाचं नव्हे. घरी येऊन ईडीटीए (धातू ओढून घेणारं रसायन) घालून कॉलम लावला, मोनोमर. पोस्टर अजून कपाटामागे आहे, पाल बसते त्याच्यावर. तुमच्या स्फटिकात धातू नसेलही, पण हिस-टॅग (प्रथिन शुद्ध करायला जोडलेलं हिस्टिडिनचं शेपूट) काढला होता का? निकेलच्या कॉलममधून सुटलेलं थोडं निकेल आणि दोन टॅग एवढ्यावर खोटी जोडी जमते. हे पहिल्यांदा तपासा, फुकट आहे.

आणि तरीही झिंक दिसलं की खोटं, असंही नाही. इन्सुलिन घ्या. डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये त्याची रचना सोडवली, ती झिंकसकट. सहा रेणूंचा गोळा. स्वादुपिंडाच्या पेशीत इन्सुलिन झिंकसह सहा-सहाच्या गोळ्यांतच साठवलेलं असतं. स्फटिकाने कोठारातलं रूप बरोबर दाखवलं. रक्तात गेल्यावर ते इतकं विरळ होतं की एकेकटं फिरतं आणि काम करतं ते एकटंच. औषधाच्या १०० युनिटच्या बाटलीत तीव्रता ०.६ मिलिमोलरच्या आसपास असते, म्हणून तिथेही बहुतेक गोळेच असतात. टोचल्यावर ते फुटायला वेळ लागतो. म्हणूनच बी साखळीतले २८ आणि २९ क्रमांकाचे प्रोलिन-लायसिन आलटून लिस्प्रो इन्सुलिन केलं. १९९६ मध्ये ते बाजारात आलं. जोडीचा इंटरफेस ढिला केला, म्हणून लवकर चालतं. आता सांगा, इन्सुलिन "खरं" काय, हेक्सामर की मोनोमर? कोठारात विचारलं तर एक उत्तर, रक्तात विचारलं तर दुसरं.

आपल्या कापसातही हीच गोष्ट आहे. बीटी जनुकांच्या नावातलं "क्राय" हे क्रिस्टलवरूनच आलं आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू आपलं विष स्वतःच्याच पोटात स्फटिक करून ठेवतो, प्रयोगशाळेची गरजच नाही. ते स्फटिक बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात. सुमारे १३० किलोडाल्टनचं प्रोटॉक्सिन तिथे कापलं जातं, साठ-पासष्टचा सक्रिय तुकडा उरतो, आणि तो आतड्याच्या पटलापाशी पुन्हा वेगळ्याच पद्धतीने एकत्र येतो. साठवण्याची जुळणी एक, मारण्याची जुळणी दुसरी. (२००२ साली आपल्याकडे बीटी कापूस आला. त्या झाडात मात्र स्फटिक होत नाहीत, हे विद्यार्थी दरवर्षी चुकवतात.)

आता पिसाकडे. नाव पिसा असलं तरी चांगलं शहाणं सॉफ्टवेअर आहे. क्रिसिनेल आणि हेन्रिक यांनी २००७ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि मी आजही पहिल्यांदा तेच उघडतो. ते इंटरफेसचं क्षेत्रफळ, पाण्यातून बाहेर पडण्याने मिळणारी ऊर्जा, हायड्रोजन बंध, मिठाचे पूल हे मोजतं, सुटं झाल्यावर वाढणाऱ्या एन्ट्रॉपीचा अंदाज धरतं आणि सांगतं की हा गोळा टिकेल की नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दर १.४ किलोकॅलरीला वियोजन स्थिरांक दहापट बदलतो. म्हणजे अंदाज चार किलोकॅलरीने हुकला, तर मायक्रोमोलरचं मिलिमोलर होतं. तुमच्या प्रश्नाचा सगळा खेळ नेमका त्याच पट्ट्यात चाललाय. दोन, तुमचा पीएच आणि तुमचं मीठ त्या हिशोबात नाही. तेव्हा "पिसाने स्थिर म्हटलं" हा पुरावा नाही, चांगली सूचना आहे.

क्षेत्रफळाबद्दल एक घोळ नेहमी होतो. पिसा जो आकडा देतं तो एका बाजूचा असतो, दोन्ही बाजूंचं झाकलेलं क्षेत्रफळ भागिले दोन. जुन्या लेखांतले ८०० किंवा १६०० चौरस अँगस्ट्रॉम हे बहुधा दोन्ही बाजूंचे मिळून असतात. दोन आकडे तसेच शेजारी ठेवून निष्कर्ष काढलेले प्रबंध मी तपासले आहेत, एक नव्हे. शिवाय नुसतं मोठं क्षेत्रफळ पुरत नाही. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटच्या पिनाक चक्रबर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशा १८८ जोड्या गोळा करून अभ्यासल्या, ज्यांत मोनोमर प्रथिनं स्फटिकात ८०० हून अधिक चौरस अँगस्ट्रॉम झाकून बसली होती. म्हणजे मोठा इंटरफेस असलेले परके शेजारी पुष्कळ सापडतात.

मग मी काय बघतो? इंटरफेसच्या मधोमध पूर्ण झाकलेले, तेलकट आणि भाऊबंद प्रथिनांत न बदललेले अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं) आहेत का. स्फटिकापुरत्या स्पर्शात कडेचे लायसिन, ग्लुटामेट आणि मधे पुष्कळ पाणी असतं. मग सममिती बंद आहे का ते बघतो. दोनाच्या अक्षावर गोळा पूर्ण होतो, पण स्क्रू अक्षावर (फिरायचं आणि पुढेही सरकायचं) जुळणी करत गेलं की साखळी स्फटिकाच्या टोकापर्यंत जाते. ती द्रावणात चारांवर थांबेल कशी? तुमचे चार जर २२२ सममितीत (एकमेकांना काटकोनात असलेले दोनाचे तीन अक्ष) बंद होत असतील तर टेट्रामरच्या बाजूने एक गुण.

पण माझ्या लेखी सगळ्यात जड पुरावा म्हणजे दुसरा स्फटिक. वेगळ्या परिस्थितीत, वेगळ्या स्पेस ग्रुपमध्ये (म्हणजे स्फटिकातली मांडणीच वेगळी) वाढलेला. पंगत बदलली तरी तेच चौघे शेजारी बसले, तर ते घरचे असण्याची शक्यता बरीच. आपल्या शेंगदाण्याचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. शेंगदाण्यातलं लेक्टिन (शर्करा धरणारं प्रथिन) म्हणजे प्रत्येकी सुमारे २७ किलोडाल्टनची चार एकसारखी एककं. चार एकसारखे रेणू म्हटले की २२२ किंवा चाराच्या अक्षाची सममिती अपेक्षित असते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने १९९४ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली, तर दोन्हींपैकी एकही सममिती नाही! तिरपागडी, उघडी जुळणी. साहजिक शंका येणार की ही स्फटिकाची करामत तर नाही? पुढे त्याच गटाने वेगवेगळ्या आम्लतेला, शर्करा असताना आणि नसताना वाढवलेल्या स्फटिकांची तुलना केली. पाण्याची मांडणी बदलली, पण लेक्टिनच्या रेणूवर या सगळ्याचा परिणाम थोडाच झाला. आणि द्रावणातलं वजन आधीपासूनच ११० किलोडाल्टनच्या आसपास मोजलेलं होतं, म्हणजे चारच. विचित्र दिसतं म्हणून खोटं ठरवायचं नाही, हे मी त्या कामावरून शिकलो. त्याच कुळातलं कॉन्कॅनाव्हेलिन ए मात्र आम्लात दोघांचं आणि पीएच ७ च्या वर चौघांचं असतं. एकाच कुळात एवढे स्वभाव.

इथवरचं थोडक्यात: स्फटिक सांगतो कोण कोणाला कसं धरू शकतं, आणि ते सगळ्यात अचूक सांगतो. ती पकड तुमच्या प्रथिनाच्या रोजच्या तीव्रतेत टिकते का, हे त्याला विचारू नका. ते द्रावणाला विचारायचं.

पण द्रावणाचं बोलणंही तपासून घ्यावं लागतं. गाइडच्या बाजूने एवढं बोलतोच. जेल फिल्ट्रेशन वजन मोजत नाही, ते रेणूचा घेर मोजतं. लांबुडका मोनोमर गोल डायमरच्या जागी येतो. तुमचा ५० हा आकडा २९ आणि ५८ यांच्या मधला आहे. तो आटोपशीर डायमर असू शकतो किंवा मोनोमर-डायमर भराभर अदलाबदल करत असल्याने आलेली सरासरीही असू शकते. कमी मिठात प्रथिन जेलला चिकटून उशिरा उतरतं, तेव्हाही वजन कमी दिसतं. बफरमध्ये १५० मिलिमोलर मीठ होतं ना? आणि कॅलिब्रेशन त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये केलं होतं की कॉलमच्या डब्यावरचा आलेख वापरला? विचारतोय, कारण मी वापरलेला आहे.

तर आता तुमच्या हातात असलेल्या साधनांत काय करता येईल, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

पहिल्यांदा तोच कॉलम, तेच बफर, पण प्रथिन चार तीव्रतांना: ०.२, १, ५ आणि जमलं तर १५ मिलिग्रॅम. पीक जागचं हललं नाही तर जुळणी घट्ट आहे किंवा अजिबात नाही. तीव्रतेबरोबर पीक डावीकडे सरकत गेलं तर तुमच्याकडे समतोल आहे, आणि टेट्रामरची गोष्ट खरी असण्याची शक्यता वाढली. मग तेच पीएच ५.६ ला आणि ९ ला. एका आठवड्याचं काम आहे आणि निम्मं उत्तर इथेच मिळेल.

दुसरं, ग्लुटारल्डिहाइडने क्रॉसलिंक करून (शेजारचे रेणू कायमचे जोडून) एसडीएस-पेज, म्हणजे वजनाप्रमाणे पट्टे वेगळे करणारं जेल. स्वस्त आणि गावठी, पण चालतं. ०.०५ ते ०.१ टक्का, एक मिनिट, तीन मिनिटं, दहा मिनिटं, मग ट्रिस घालून थांबवायचं. प्रथिन मात्र ट्रिसमध्ये ठेवू नका, हेपीस किंवा फॉस्फेटमध्ये घ्या. ट्रिसचा अमाइन गटच सगळं ग्लुटारल्डिहाइड खाऊन टाकतो आणि तुम्ही "मोनोमर" लिहून मोकळे होता. प्रथिन विरळ ठेवा, नाहीतर भटके रेणूही जोडले जातात आणि जेलवर शिडी उभी राहते. सोबत एखादं नक्की मोनोमर असलेलं प्रथिन, लायसोझाइम चालेल, त्याच परिस्थितीत लावा. तेही जोडलं गेलं तर तुमची शिडी बाद.

तिसरं मला सगळ्यात आवडतं, कारण त्याला फक्त स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो: एन्झाइम विरळ करत जाऊन प्रति मिलिग्रॅम क्रियाशीलता मोजा. जुळणी फुटल्याने काम बिघडत असेल तर एका तीव्रतेच्या खाली क्रियाशीलता घसरेल. पॅरा-नायट्रोफेनिल ब्युटिरेट (फुटलं की पिवळा रंग देणारं रसायन) वापरत असाल तर लक्षात ठेवा, पीएच वाढला की ते एन्झाइमशिवायच फुटायला लागतं, त्यामुळे कोरं कंट्रोल प्रत्येक पीएचला वेगळं. आणि नॅनोमोलरला गेलात की प्रथिन नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून संपतं, म्हणून थोडं बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाला. नाहीतर घसरण जुळणीची नसेल, नळीची असेल. आमच्या एका मुलीने या घसरणीवर दोन महिने काढले होते.

डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांची त्रिज्या काढणारं यंत्र) शेजारच्या नॅनोवाल्यांकडे किंवा फार्मसी कॉलेजात मिळतं म्हणून बरेच जण तिकडे धावतात. त्यातून गुठळ्या आहेत का ते कळेल, पण डायमर-टेट्रामरचा निवाडा होणार नाही. वजन दुप्पट झालं तरी गोल रेणूची त्रिज्या जेमतेम सव्वापट होते, ते यंत्र दोन्ही वेगळे दाखवू शकत नाही.

बाहेर जायची सोय झाली तर सेक-माल्स मागा. तेच जेल फिल्ट्रेशन, पुढे प्रकाश विखुरण्यावरून वजन काढणारा डिटेक्टर. रेणूच्या आकाराचा घोळ तिथे संपतो. ॲनालिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूज मिळालं तर सोन्याहून पिवळं, वियोजन स्थिरांकच हातात येईल. सॅक्समध्ये (द्रावणातल्या रेणूंवरून क्ष-किरण विखुरण्याच्या पद्धतीत) तुमच्या स्फटिकाचा डायमर आणि टेट्रामर दोन्ही घेऊन वक्र जुळवता येतो, आणि मिश्रण असेल तर प्रमाणही निघतं. मास फोटोमेट्री (एकेका रेणूचं वजन प्रकाशाने मोजणं) हल्ली फॅशनमध्ये आहे, पण ती नॅनोमोलरला चालते. ५० मायक्रोमोलरची जुळणी तिथे दिसणारच नाही, आणि मग तुम्ही पुन्हा मला प्रश्न पाठवाल.

हे सगळं झाल्यावर शेवटचा घाव म्युटेशनचा. डायमर-डायमर इंटरफेसच्या मध्यावरचा एक ल्युसिन किंवा व्हॅलिन निवडा आणि तिथे आर्जिनिन बसवा. टेट्रामर फुटला, डायमर तसाच राहिला, सीडी वर्णपट (प्रथिनाची घडी शाबूत आहे का ते सांगणारा) हलला नाही, तर स्फटिकातला तो इंटरफेस द्रावणातही आहे, याहून चांगला पुरावा मी मागत नाही. आपल्या हुलग्याच्या ट्रिप्सिन इन्हिबिटरवर म्हैसूरच्या लोकांनी असंच काम केलं होतं. द्रावणात त्याची जोडी असते. शेपटाकडच्या एका ॲस्पार्टेटवर ती टिकलेली आहे हे त्यांनी दाखवलं, आणि मोड आलेल्या हुलग्यात ते शेपूट गळतं तेव्हा इन्हिबिटर एकेकटे होतात. हुलग्याचं माडगं खाताना मला ते आठवतं, घरचे हसतात.

अल्फाफोल्डही (क्रमावरून रचनेचा अंदाज करणारी संगणक प्रणाली) चार म्हणतो, असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. म्हणू द्या. आपण सगळे सुटलेल्या रचना जिथे जमा करतो, त्या प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवरच तो शिकला आहे, आणि त्याला तीव्रता विचारता येत नाही. त्याचं मत स्वतंत्र साक्षीदाराचं धरू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. हे एस्टरेझ जिवाणू बाहेर सोडतो की पोटात ठेवतो? सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड (प्रथिन बाहेर पाठवायची खूण) आहे का ते क्रमात बघा. बाहेर सोडत असेल तर सरोवराच्या पाण्यात त्याची तीव्रता नगण्य, पीएच दहाच्या आसपास, आणि तिथे ५० मायक्रोमोलरच्या टेट्रामरला काही अर्थ नाही. पोटात असेल तर गोष्ट बदलते. अल्कप्रेमी जिवाणू आपल्या आतला पीएच बाहेरच्यापेक्षा बराच खाली, आठाच्या आसपास राखतात. शिवाय पेशीच्या आत मिलिलिटरला तीनशे-चारशे मिलिग्रॅम मोठे रेणू खचाखच भरलेले असतात. तांबड्या रक्तपेशीत एकटं हिमोग्लोबिनच लिटरला सुमारे ३३० ग्रॅम असतं. तिथलं वातावरण तुमच्या कॉलमपेक्षा स्फटिकाच्या जवळचं आहे. म्हणून कॉलमवरचं रूप म्हणजेच पेशीतलं रूप, असंही समजू नका.

हिमोग्लोबिनवरून आठवलं. "असिमेट्रिक युनिटमध्ये दोन आहेत" याला काहीच महत्त्व देऊ नका. ती स्फटिकाची मोजणीची सोय आहे. डेटा बँकेतल्या १एचएचओ या नोंदीत हिमोग्लोबिनचं अर्धंच आहे, उरलेलं अर्ध सममितीने येतं. दुसऱ्या नोंदीत पूर्ण एक, तिसरीत दोन. तुमचे दोन खरे डायमर आहेत की सहज शेजारी, हेही वेगळं तपासावं लागेल. कॉलमवरचा ५० बघून "हेच ते दोन" म्हणण्याची घाई नको.

प्रबंधात काय लिहायचं? माझा विद्यार्थी असता तर मी एवढंच लिहायला लावलं असतं: "स्फटिकात (पीएच ५.६) २२२ सममितीचा टेट्रामर दिसतो. पीएच ८ ला सुमारे ५ मायक्रोमोलर तीव्रतेला प्रमुख रूप डायमर आहे. टेट्रामरचं वियोजन तीव्रतेवर आणि पीएचवर अवलंबून आहे," पुढे तुमचे आकडे. (२२२ आणि डायमर हे आधी पडताळून, मगच.) डेटा बँकेत रचना जमा करताना जुळणीचा पुरावा कोणता, हा रकाना येतो. तिथे जेल फिल्ट्रेशन केलं असेल तरच ते निवडा. फाइलमध्ये रिमार्क ३५० खाली लेखकाने ठरवलेली जुळणी आणि सॉफ्टवेअरने ठरवलेली जुळणी वेगवेगळी लिहिता येते. दोन्ही जुळत नसतील तर तशीच राहू द्या, बळेच एक करू नका.

गाइडशी वाद घालत बसू नका. चार तीव्रतांचे आणि तीन पीएचचे कॉलम आलेख एकाच कागदावर एकावर एक छापा, अक्ष सारखे ठेवून, आणि सकाळी चहाच्या वेळी त्यांच्या टेबलावर ठेवा. आलेखाची फाइल मलाही पाठवा. पीक सरकलं का, ते मला बघायचंय.